डेनालीच्या रानात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२४ च्या ऑगस्टात मी लेक-जावयाबरोबर अलास्कात जाऊन आले. तिथल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाविषयी चार शब्द सांगावेत अशी आपली आज्ञा झाली.

उद्यान म्हटले की आपल्यापुढे फुलझाडे, कारंजे आणि बाके उभी राहतात. तसले काही मनात आणू नका. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले, तर जवळजवळ तेवढे हे रान आहे. त्यात सडक एकच, ९२ मैलांची. उन्हाळ्यात पंधराव्या मैलापुढे खाजगी मोटारी जाऊ देत नाहीत. सर्वांनी बसनेच जायचे. २०२१ साली दरड सरकून पुढची सडक बंद झाल्यामुळे आमची बस ४३ व्या मैलावरून परत फिरली.

तिथे पुष्कळ ठिकाणी जमिनीखालची माती बारमाही गोठलेली असते. त्यामुळे मोठी झाडे थोडी, बाकी सारी खुजी झुडपे. ऑगस्टअखेर ती तांबडी-केशरी होतात. अशाच एका उतारावर एक अस्वलीण दोन पिलांसह, आपण करवंदे ओरबाडतो तशी, ब्लूबेरीची फळे खात होती. हिवाळ्यातल्या लांब झोपेची ती बेगमी! बस भरलेली, पण कोणी मोठ्याने बोलले नाही.

तिथे अस्वलापासून ३०० यार्ड दूर राहावे असा नियम आहे. मुक्कामाच्या जागी खाण्याचे पदार्थ, साबण, दात घासायची पेस्टसुद्धा पेटीत बंद करून ठेवायची. कारण अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते जवळ येऊ लागते, आणि शेवटी गोळी त्यालाच खावी लागते. आपण प्रेमाने घातलेला घास त्याच्या जिवावर उठतो.

दुसऱ्या दिवशी रक्षकबाईंबरोबर आम्ही पायी निघालो. (साडी ठेवून मी पायजमा घातला होता, हे इथे सांगायला हरकत नाही.) बाई म्हणाल्या, "एकामागे एक चालू नका, पसरून चाला. एकाच जागी पावले पडली की झुडपे मरतात नि वाट पडते." भगिनींनो, "वाट सोडू नकोस" हेच ऐकत आपण लहानाच्या मोठ्या झालो. तिथे वाट पडू द्यायची नाही, हाच धर्म!

२०,३१० फूट उंचीचा डेनाली पर्वत आम्हाला दिसला नाही. तो बहुधा ढगातच असतो. येणाऱ्या तिघांतल्या एकालाच दर्शन देतो म्हणतात. पण ६ जून १९४७ रोजी त्याच्या शिखरावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री बार्बरा वॉशबर्न ही तीन मुलांची आई होती, हे ऐकून मला हुरूप आला. सीलिया हंटर आणि जिनी वूड या मैत्रिणींनी दुसऱ्या महायुद्धात विमाने चालविली, १९५२ साली उद्यानाच्या कडेला पाहुण्यांसाठी साधी राहुटीवजा वस्ती थाटली, आणि १९६० साली इतरांना जमवून अलास्काचे रान राखण्यासाठी संस्था काढली. त्याच वर्षाअखेर ईशान्य अलास्कातला मोठा मुलूख वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला गेला. रान आपोआप राहत नाही; कोणीतरी ते राखावे लागते.

आपली यंदाची सहल भीमाशंकरला जायची आहे. तेही शेकरूंसाठी राखलेले अभयारण्यच. माझी एकच विनंती. माकडांपुढे बिस्किटे टाकायची नाहीत, शेकरू दिसले तर हाका मारायच्या नाहीत, आणि डब्याबरोबर नेलेला कागदाचा कपटाही परत आणायचा. मुलांना आपण सांगितले तर ती ऐकतात. अलास्का सर्वांना घडेल न घडेल. पाहुण्यासारखे रानात जाणे मात्र आपल्या हाती आहे.