पित्याच्या पाठीशी समाज



कन्येचा विवाह ठरताच सामान्य पित्याचा आनंद खर्चाच्या चिंतेने झाकोळतो. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ सालीच झाला. परंतु मानपान, पंक्ती व रोषणाई यांना आवर घालणे समाजाच्याच हाती आहे.

श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना स्थापून सामूहिक विवाहांची चळवळ उभारली. पुढे शासनाच्या ‘शुभमंगल’ योजनेने शेतकरी व शेतमजुरांच्या कन्यांच्या विवाहास अनुदान दिले. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात अशा साहाय्याचे मोल मोठे आहे.

मात्र सामूहिक मांडव केवळ निर्धनांचा ठरला, तर साहाय्य घेणाऱ्या पित्याची मान खाली जाते. म्हणून संपन्न कुटुंबांनी प्रथम आपल्या कन्यांचे विवाह त्याच मांडवात लावावेत. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे अणुव्रत. त्याची खरी कसोटी लग्नमांडवातच लागते.

जय जिनेंद्र!