टेस्टर म्हणजे स्क्रू ड्रायव्हर नव्हे

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, स्क्रू ड्रायव्हरवर अख्खा भाग? त्यात बोलण्यासारखं काय आहे? आहे. मी गेली २२ वर्षं भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनल जोडण्याचं काम करतोय. आमच्याकडे नवीन मुलगा आला, आयटीआय झालेला असला तरी, पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात वायर देत नाही. चार स्क्रू ड्रायव्हर आणि चार प्रकारचे टर्मिनल समोर ठेवतो आणि म्हणतो, जोड्या लाव. बहुतेक मुलं दोनच लावतात. स्टार आणि मायनस. दुकानातही आपण तेच दोन शब्द वापरतो ना? प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आधी हे कळलं पाहिजे की टर्मिनलचा स्क्रू आणि दाराच्या बिजागरीचा स्क्रू यांत फरक काय. बिजागरीचा स्क्रू ढिला राहिला तर दार कुरकुरतं. टर्मिनलचा स्क्रू तारेला पितळेवर दाबून धरतो, आणि त्या दाबावरच सगळं अवलंबून असतं. दाब कमी पडला की तांब्याचा पितळेला स्पर्श थोड्याच ठिकाणी होतो. तेवढ्या चिंचोळ्या जागेतून सगळा करंट जातो. तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि ती जागा तापते.

किती तापते? साधा हिशेब करू. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. समजा एका ढिल्या स्क्रूपाशी फक्त ०.३ ओहम रेझिस्टन्स आहे. करंटचा वर्ग करा आणि ०.३ नं गुणा. जवळपास २३ वॉट येतात. म्हणजे २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न तुम्ही स्विचबोर्डच्या आत, प्लॅस्टिकला टेकवून, रोज सकाळी तासभर चालू ठेवताय. आणि बाहेर काही कळतं का? त्या जोडापाशी अडीच-पावणेतीन व्होल्ट पडतात. गिझरला २३० ऐवजी २२७ मिळतात. पाणी तापतं. सगळं ठीक वाटतं.

इथे बहुतेक लोक मला थांबवतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनीही हेच विचारलं होतं. त्यांच्या गिझरचं सॉकेट तपकिरी पडत होतं. वायरमननं दोनदा बदलून दिलं, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, "अहो, पण एमसीबी आहे की! काही झालं तर ती पडेल ना?"

नाही पडणार. एमसीबी दोन गोष्टी ओळखते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ गेला, की ती पडते. शॉर्टसर्किट झालं, की लगेच पडते. ढिल्या जोडातून मात्र नेहमीचाच करंट जात असतो, किंबहुना किंचित कमी. आता तुम्ही म्हणाल, मग आरसीसीबी? ती लीकेज बघते. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत येतोय का, एवढंच तिचं काम. इथे तो बरोब्बर परत येत असतो. म्हणजे जोड तापतोय, प्लॅस्टिक करपतंय, आणि दोन्ही पहारेकरी निवांत आहेत. त्यांच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नाही.

मेन बंद करून मी ते सॉकेट उघडलं. स्क्रूच्या खाचेच्या कडा गोल झालेल्या. वायर हलकेच ओढली तर हातात आली. तिचं इन्सुलेशन भाजलेल्या पापडासारखं कडक झालं होतं. सॉकेट चांगलं होतं, वायरही योग्य जाडीची होती. दोन्ही वेळा स्क्रू आवळला गेला होता टेस्टरनं.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर हाताला खोटं सांगतो. स्क्रू घट्ट झाला हे आपल्याला कसं कळतं? फिरवताना विरोध वाढतो आणि शेवटी स्क्रू फिरत नाही. पण टोक नीट बसलेलं नसेल तर स्क्रू पुरेसा आवळायच्या आधीच टोक खाचेतून निसटतं. हाताला वाटतं, बास, आता जात नाही. प्रत्यक्षात स्क्रू जायला तयार होता, टोकच थकलं होतं. आणि प्रत्येक निसटण्याबरोबर खाच थोडी गोल होते, म्हणजे पुढच्या माणसाला योग्य हत्यार आणूनही तो स्क्रू नीट आवळता येत नाही.

आता "स्टार" या शब्दाकडे येऊ. आपण ज्याला स्टार म्हणतो त्यात निदान दोन वेगळे आकार आहेत. एक फिलिप्स. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात तो बाजारात आणला आणि मोटारींच्या कारखान्यांनी उचलून धरला. याच्या टोकाच्या बाजू निमुळत्या उतरत्या असतात. त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकायला बघतं. दुसरा पोझीड्राइव्ह. तो पुढे १९६० च्या दशकात आला. यात बाजू जवळजवळ सरळ उभ्या असतात, म्हणून तो तितका वर सरकत नाही.

ओळखायचं कसं? सोपं आहे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाच्या चार बाह्यांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या, तर तो पोझीड्राइव्ह. ड्रायव्हरच्या टोकावरही मुख्य चार पाकळ्यांच्या मधे छोट्या कडा असतात, आणि दांड्यावर पीझेड लिहिलेलं असतं. फिलिप्सवर पीएच. घरच्या डीबीतली एमसीबी बघा, तिच्या स्क्रूवर बहुधा पीझेड-२ चा आकार असतो, आणि बऱ्याचदा त्यातूनच एक सरळ खाचही आरपार गेलेली असते. आपण काय करतो? पीएच-२ घालतो. तो आत जातो, म्हणून आपल्याला बरोबर वाटतो. पण ड्रायव्हर जरा डावी-उजवीकडे हलवा, डुलतो की नाही बघा. पीझेड-२ घातलात तर तो तसा डुलत नाही, धरून बसतो. हा फरक एकदा बोटांना कळला की माणूस परत चूक करत नाही.

मायनसचंही तसंच. मायनस म्हणजे एकच माप नाही. टोकाची जाडी आणि रुंदी, अशी दोन मापं लिहिलेली असतात. ०.४ बाय २.५, ०.६ बाय ३.५, ०.८ बाय ४, १ बाय ५.५, सगळं मिलिमीटरमध्ये. रुंदी खाचेची लांबी भरेल इतकी हवी, पण स्क्रूच्या डोक्याबाहेर येता कामा नये. आणि जाडी! जाडीकडे कुणी बघत नाही. पातळ टोक रुंद खाचेत तिरकं होतं आणि फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतं. सगळा जोर त्या दोन कोपऱ्यांवर, मग कडा उडणारच.

आणखी एक. टर्मिनलचा स्क्रू बहुतेक वेळा खोल भोकात असतो. टोकाशी पसरट होणारा ड्रायव्हर तिथे प्लॅस्टिकला घासतो, तळापर्यंत पोचतच नाही. म्हणून इलेक्ट्रिकच्या कामाला दांडी आणि टोक एकाच रुंदीचं असलेला, सरळ ड्रायव्हर घ्यायचा.

मग टेस्टरचं काय चुकतं? त्याचं टोक अरुंद आणि पातळ, हे एक. दुसरं म्हणजे त्याची मूठ पेनाएवढी बारीक. तेवढ्याच ताकदीनं पकडलं तरी जाड मुठीवर पीळ जास्त बसतो. बरणीचं रुंद झाकण आणि बाटलीचं छोटं बूच आठवा. मी वापरतो त्या एमसीबींवर कंपनीनं २ ते २.५ न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. २ न्यूटन-मीटर म्हणजे किती? २० सेंटिमीटर लांब पाना आडवा धरून त्याच्या टोकाला १ किलोचं वजन लटकवलं, तर जेवढा पीळ पडेल तेवढा. हे टेस्टरच्या मुठीनं होत नाही. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. टेस्टरच्या आत एक रेझिस्टन्स असतो, तुमच्या बोटातून जाणारा करंट तोच अगदी थोडा ठेवतो. त्या दांड्याला रोज पिळून तडा गेला, तर ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही फेज तपासता तीच भरवशाची राहत नाही.

याचा अर्थ वाट्टेल तेवढं आवळा, असा नाही. बारीक स्क्रूला थोडाच टॉर्क लागतो. एम-३ च्या टर्मिनल स्क्रूला साधारण ०.५, एम-४ ला १.२ न्यूटन-मीटर. त्यावर मोठा ड्रायव्हर लावून दम काढला तर आटे जातात किंवा तारेच्या लडी तुटतात. कंपनीनं आकडा दिला असेल तर तोच खरा. आम्ही पॅनलमध्ये टॉर्क ड्रायव्हरनं आवळतो आणि स्क्रूवर मार्करनं रेघ मारतो. रेघ सरकली की स्क्रू ढिला झाल्याचं लांबूनच दिसतं. जे वायरमन माझं ऐकतायत त्यांना सांगतो, टॉर्क ड्रायव्हर महाग वाटतो, पण एका जळालेल्या डीबीपेक्षा स्वस्त पडतो.

घरासाठी किंवा नव्या वायरमनसाठी माझी यादी छोटी आहे. एमसीबीसाठी पीझेड-२. स्विच-सॉकेटच्या टर्मिनलसाठी ०.८ बाय ४ चा सरळ मायनस. लहान टर्मिनलसाठी ०.६ बाय ३.५. अगदी बारीक कनेक्टरसाठी ०.४ बाय २.५. चारही इन्सुलेटेड, दांड्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १,००० व्होल्ट लिहिलेले. इन्सुलेशन आहे म्हणून चालू लाइनवर काम करायचं नाही, तो फक्त शेवटचा आधार. टोक झिजून गोल झालं की ड्रायव्हर निवृत्त करा. ग्राइंडरवर घासू नका. टोक निळं पडलं की पोलाद मऊ होतं.

आवळायची पद्धत अशी. आधी मेन बंद. टेस्टर अगोदर चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. टेस्टरचा दिवा लागला नाही याचा अर्थ टेस्टर बिघडलाय असाही होऊ शकतो. मेन बंद केल्यावरही तिच्या येणाऱ्या बाजूचे स्क्रू जिवंत असतात, म्हणून डीबी उघडणं वायरमनवरच सोडा. बारीक लडींची वायर असेल तर पिन लग लावा. टोकाला सोल्डर भरू नका, ते दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला होतो. इन्सुलेशन स्क्रूखाली येऊ देऊ नका. ड्रायव्हर स्क्रूच्या सरळ रेषेत धरा, आत दाबा आणि मग फिरवा. शेवटी प्रत्येक वायर एकदा ओढून बघा. ही ओढ चुकवायची नाही.

आणि घरी वायरमन आला, तर चहा देताना त्याच्या हाताकडे बघा. टेस्टरनं सॉकेट आवळत असेल तर संकोच करू नका. "दादा, एक मिनिट, मोठा ड्रायव्हर आहे ना?" एवढंच म्हणा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

पुढच्या भागात बघू, टेस्टर कधी फसवतो आणि मल्टीमीटर कसा वाचायचा. तुमच्या बोर्डातले प्रश्न पाठवत राहा. भेटू या.