खेळातली गाडी आणि खरी गाडी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने खेळातल्या आगगाड्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आठ तासांचा दिवस आम्ही मागितला तो फुरसतीसाठीही; तेव्हा फुरसतीत माणूस काय करतो, हा विषय आमचाच आहे.

कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील प्रमाण एकास ८७. हेच प्रमाण काटेकोर धरून पुणे-मुंबई हा १९२ किलोमीटरांचा मार्ग मांडू म्हटले, तर दोन किलोमीटरांहून लांब खोली हवी. आणि आमच्या शनिवार पेठेत तर हातभर जागेसाठी भाऊबंद कोर्टात जातात!

रुळांचेही तेच. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर; या प्रमाणात ती १९ मिलिमीटरांवर जाते. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरांचे, कारण ते युरोपातील गेजवरून बेतलेले. म्हणजे भारतीय गाडी करू पाहणाऱ्या हौशी माणसाला पहिल्याच पावलाला तडजोड आली. ती त्याने खुशाल करावी. मात्र वाटाघाटीला बसणाऱ्याने काय सोडायचे नाही, हे आधी ठरवलेले असावे.

माझे म्हणणे एवढेच, की माप सोडा, नियम सोडू नका. एकेरी मार्गावर यंत्रातून निघालेला गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, म्हणून समोरून दुसरी गाडी येण्याची धास्ती नसे. घरी एक लाकडी गोळा घ्या. एक मूल स्टेशनमास्तर, दुसरे ड्रायव्हर. नुसती गोल फिरणारी गाडी मुलाला लवकर कंटाळा आणते. गोळ्याची वाट पाहणारी गाडी त्याला खिळवून ठेवते. खरेपणा आणि आनंद यांचे भांडण तेथे मिटते.

आणि रुळाच्या कडेला हातोडा घेतलेला एक गँगमन उभा करा. या प्रमाणात तो दोन सेंटिमीटर भरेल. पण तो नसला, तर गाडी आपोआप धावते असे मुलाला वाटेल, आणि मोठेपणीही तसेच वाटत राहील. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा गाडी कोणाच्या हातांनी चालते हे पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले. ते खेळातच कळलेले बरे.