पंढरीची लहान गाडी

आषाढी-कार्तिकीच्या यात्रेस आगगाडीनें जाणाऱ्या मागच्या पिढ्यांतील माणसांना कुर्डुवाडीचें स्टेशन चांगलें परिचयाचें होतें. मुंबई-सोलापूर मार्गावरील मोठ्या गाडींतून तेथें उतरावयाचें, बोचकीं सांवरावयाचीं, आणि पंढरपूरच्या बुटक्या डब्यांत जागा धरावयाची, असा तो क्रम असे. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. या लहान गाडीचें नांव बार्शी लाइट रेल्वे. आज त्या मार्गावर वाफेचें एकहि इंजिन धांवत नाहीं. परंतु जगांत अन्यत्र तसलीं इंजिनें जिवंत ठेवण्याचा जो उद्योग चालला आहे, त्याचा विचार करतांना पंढरीच्या या गाडीची आठवण होणें अपरिहार्य आहे.

या रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा इंग्रज यंत्रज्ञ. १८८२ सालीं तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीनिमित्त हिंदुस्थानांत आला. बार्शीसारखी व्यापारी पेठ मुख्य मार्गापासून दूर पडलेली आहे आणि तेथवर मोठा मार्ग नेणें खर्चाचें आहे, हें त्यानें पाहिलें. हलके रूळ टाकावे तर खर्च वांचतो, पण जड माल कसा न्यावा? त्याचें उत्तर सोपें व मार्मिक होतें. वजन कमी करावयाचें नाहीं, तें वांटून द्यावयाचें. इंजिन असो वा डबा असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये, अशी त्याची रचना होती. त्यामुळें यार्डास तीस पौंड वजनाचे, म्हणजे मोठ्या मार्गावरील रुळांच्या निम्म्याहूनहि हलके रूळ पुरे पडले. लीड्स शहराजवळ न्यूले येथें १८९६ सालीं तात्पुरता मार्ग घालून या गाड्यांची परीक्षा झाली, आणि १८९७ सालीं बार्शीपर्यंतचा एकवीस मैलांचा मार्ग खुला झाला. पहिलीं पांच इंजिनें लीड्सच्या किट्सन कारखान्यांत तयार झालेलीं होतीं. पुढें हा मार्ग एका दिशेस पंढरपूरला गेला, दुसऱ्या दिशेस १९११ सालीं लातूरला पोहोंचला, आणि १९२७ सालीं पंढरपुराहून मिरजेपर्यंत वाढला. त्याच वर्षीं कॅलथ्रॉप निवर्तला.

१९५४ सालीं सरकारनें ही कंपनी ताब्यांत घेतली. कालांतरानें वाफेच्या जागीं डिझेल आलें, आणि चालू शतकाच्या आरंभींच्या दहाबारा वर्षांत सारा मार्ग रुंद झाला. आतां दूरच्या यात्रेकरूस कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागत नाहीं. ही सोय मोठी आहे, आणि तिजबद्दल खंत करणें शहाणपणाचें होणार नाहीं. प्रश्न निराळाच आहे. जुनें यंत्र कामांतून गेलें म्हणजे त्याबरोबर तें चालविण्याची विद्याहि जावी काय?

इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभें करणें हा जतनाचा एक मार्ग. त्यांत आकार टिकतो, परंतु प्राण राहत नाहीं. चालतें इंजिन राखणें मात्र कठीण असतें. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधीं भट्टी पेटवावी लागते. बाष्पपात्र एकदम तापविलें तर पत्रे व नळ्या असमान प्रसरण पावतात आणि सांधे गळूं लागतात. म्हणून वाफ हळूहळू धरावी लागते. पाण्यांतील क्षार आंत थरानें साचतो. तो वेळोवेळीं धुवून काढला नाहीं तर पत्रा जळतो. कोळसा कोठें व किती टाकावा, चढावापूर्वीं पाणी किती घ्यावें, हें ज्ञान पुस्तकांतून पुरतें येत नाहीं. तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें.

इंग्लंडांत हें ओळखणारीं माणसें वेळींच पुढें आलीं. तेथील सरकारी रेल्वेनें १९६८ च्या आगस्टांत मुख्य मार्गांवरील वाफेची नित्याची वाहतूक बंद केली. १९२३ सालचें ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें इंजिन मात्र १९६३ मध्येंच एका गृहस्थानें विकत घेतलें होतें. पुढें तें राष्ट्रीय संग्रहालयाकडे आलें आणि सुमारें बेचाळीस लक्ष पौंडांच्या दुरुस्तीनंतर २०१६ सालीं पुन्हां मुख्य मार्गावर धांवलें. याहून विलक्षण कथा ‘टॉर्नॅडो’ची. त्या जातीचीं एकूणपन्नास इंजिनें एकूण एक मोडींत निघालीं होतीं. तेव्हां हौशी मंडळींनीं वर्गण्या जमवून अगदीं नवें इंजिन घडविलें, आणि तें २००८ सालीं पुरें झालें. नकाशे व कसबी हात शिल्लक होते, म्हणूनच हें साधलें.

तथापि तेथेंहि सारेंच वांचलें असें नाहीं. कॅलथ्रॉपनें बार्शीच्या धर्तीवर इंग्लंडांत लीक व मॅनिफोल्ड नांवाचा मार्ग १९०४ सालीं उभारला. तो तीस वर्षांत बंद पडला, त्याचीं दोन्ही इंजिनें भंगारांत गेलीं, आणि रुळांच्या जागीं पायवाट झाली. बार्शीची मूळ गाडी मात्र त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली.

भारतांतहि हें काम अशक्य नाहीं. ‘फेअरी क्वीन’ हें १८५५ चें इंजिन लीड्सच्या त्याच किट्सन घराण्याच्या कारखान्यांतलें. १९०९ मध्यें निवृत्त झालेलें हें यंत्र १९९७ सालीं दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हां प्रवासी घेऊन धांवलें. माथेरानच्या १९०७ च्या गाडीचा सल्लागारहि कॅलथ्रॉपच होता. तिच्या वाफेच्या इंजिनांपैकीं एक इंग्लंडांत लेटन बझर्ड येथील हौशी मंडळींच्या लहान रेल्वेवर गेलें. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना अरुंद मार्गाचीं कामें जाणतो. माथेरानच्या गाडीची दुरुस्ती तेथें होत आली आहे. ही विद्या तेथें आहे तोंवर तिचा सांठा करणें शक्य आहे. जुने नकाशे जपणें, म्हाताऱ्या चालकांचे व बंबवाल्यांचे अनुभव लिहून घेणें, आणि मैल-दोन मैलांचा कां होईना, एक मार्ग वाफेसाठीं राखणें, एवढें आधीं व्हावयास पाहिजे.

पंढरपूरला हें कोणी शिकवावें असें नाहीं. वारी शेंकडों वर्षें टिकली ती पादुका कुलपांत ठेवून नव्हे. त्या दरवर्षीं पालखींत घालून चालविल्या म्हणून. चालण्यानेंच ती परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे गेली. यंत्राचेंहि तसेंच आहे. जें चालतें तें शिकवितें, आणि जें शिकविलें जातें तेवढेंच पुढच्यांच्या हातीं लागतें.