कारणाचा रकाना



गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या मावशी एक कागद घेऊन घरी आल्या. एका कार्यालयातून परत आलेला अर्ज होता तो. तळाशी निळ्या शाईत एकच शब्द, ‘नामंजूर’. त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का. आणि जिथे ‘कारण’ असं छापलेलं होतं, त्या रकान्यात एक आडवी रेघ. मावशी म्हणाल्या, “काय ही मनमानी!”

शब्द अगदी बरोबर वापरला त्यांनी. पण दुधाचा भाव वाढला तेव्हाही मावशी मनमानीच म्हणाल्या होत्या, आणि अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी पडले म्हणून नातवाला मतदान करता आलं नाही, तेव्हाही मनमानीच. माझी तक्रार आहे ती इथे. मावशींबद्दल नाही, आपल्या सगळ्यांबद्दल. आपण हा शब्द इतका सैल केलाय की खरी मनमानी समोर उभी राहिली तरी ती आपल्याला वेगळी दिसत नाही.

आवडला नाही म्हणून निर्णय मनमानी ठरत नाही. कडक आहे म्हणूनही ठरत नाही. ज्याच्यामागे चारचौघांत सांगता येईल असं कारण नाही, तो निर्णय मनमानी. एवढं एकच आज सांगायचंय, आणि तेच मी दोन-तीनदा सांगणार आहे.

आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. लग्नाची पंगत बसलीय, जिलेबी-मठ्ठ्याचा बेत आहे. वाढपी प्रत्येकाच्या पानात दोन जिलेब्या ठेवत चाललाय. मध्येच यजमानांच्या व्याह्यांच्या पानात चार पडतात आणि खांबाशी बसलेल्या माणसाचं पान तसंच राहतं. हा पंक्तिप्रपंच. पण मधुमेही आजोबांना जिलेबी वाढली नाही, तर त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हणेल का? लहान मुलांना एकेकच वाढली तर? नाही म्हणणार. कारण फरक केला, पण तो कशासाठी केला हे उघड दिसतंय. जिलेबी कमी पडली म्हणून सगळ्यांनाच एकेक वाढली, तर चार माणसं नाराज होतील. पण मनमानी झाली असं म्हणता येणार नाही.

समतेची हमी देणाऱ्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाकडे आपली न्यायालयं पूर्वी मुख्यतः याच नजरेने बघत. सरकारने लोकांचे गट पाडले का, पाडले असतील तर त्या फरकाला आधार काय, आणि त्या आधाराचा कायद्याच्या हेतूशी संबंध काय? 1952 च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून ही कसोटी पक्की झाली.

आता पुन्हा पंगतीत या. वाढप्याला लहर आली आणि त्याने सगळ्यांच्याच पानातली जिलेबी उचलून नेली. पंक्तिप्रपंच झालाच नाही, सगळे सारखेच उपाशी! मग तक्रार कशाच्या आधारावर करायची? इथे 1974 चा रॉयप्पा खटला महत्त्वाचा ठरतो. तामिळनाडूच्या मुख्य सचिवांना त्या पदावरून हलवलं, त्याचा हा वाद. ते खटला हरले. पण न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात मांडलं की समता आणि मनमानी यांचं हाडवैर आहे. जिथे मनमानी, तिथे समता आधीच मोडलेली असते, मग शेजारच्याच्या पानात काय पडलं हे बघायचीही गरज नाही.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. सांताक्रूझ विमानतळावर एक उपाहारगृह चालवायला द्यायचं होतं. निविदेत अट होती, नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक हवा आणि किमान 5 वर्षांचा अनुभव हवा. काम मिळालं ते कँटीन चालवणाऱ्याला. त्याने रक्कम सर्वांत मोठी देऊ केली होती, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाचा तोटा काहीच नव्हता. तरीही 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अट तुम्ही घातलीत, ती तुम्हालाही बांधते. अट वाचून ज्यांनी निविदा भरलीच नाही, त्यांचं काय? हे काम देण्याविरुद्धची याचिका मात्र फेटाळली गेली, कारण अर्जदार उशिरा आला होता. ऐकलंत ना, निकाल विरुद्ध गेला, पण कारण सांगून गेला. मघापासून मी हेच सांगतोय.

एक शब्द मला फार खटकतो. ‘स्वेच्छाधिकार’. अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून ठरवायची मोकळीक असते, तिला आपण हे नाव दिलं. अहो, स्वतःची इच्छा हाच तर सगळा धोका! ‘विवेकाधिकार’ म्हणा. विवेक म्हटला की कारण आलंच.

आणि नातवाच्या मताचं काय? 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं. 19 का नाही, असं विचारता येईल. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि एकदा ओढली की ती सगळ्यांना सारखी. भाषेतही तसंच. झाडाला झाड का म्हणायचं याला कारण नाही. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाने यावर फार खोल विचार केलाय. मराठीत शब्दाच्या या कारण नसण्याला आपण मनमानी म्हणत नाही, यादृच्छिक म्हणतो. कारण तिथे कुणा एकाची मर्जी चालत नाही, उद्यापासून मी झाडाला खुर्ची म्हणायचं ठरवलं तर... पण हा विषय मोठा आहे आणि घड्याळ पुढे गेलंय.

मावशींचं सांगायचं राहतंय. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम 4 आहे. प्रशासकीय निर्णयाचं कारण बाधित माणसाला कळवणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं तिथे लिहिलंय. मावशींना मी एवढंच लिहून दिलं. त्या पुन्हा खिडकीशी गेल्या. आत थोडी शोधाशोध झाली आणि रेघेच्या वर दोन ओळी लिहून मिळाल्या: रहिवासाच्या दाखल्यावर नाव माहेरचं, बाकी कागदांवर सासरचं.

अर्ज अजून नामंजूरच आहे. पण परवा संध्याकाळी मावशींनी चष्मा लावून त्या दोन ओळी दोनदा वाचल्या, आणि लग्नाचा दाखला शोधायला कपाट उघडलं.