देवगिरीचा सातबारा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की युरोपातल्या राजांचं पुढे काय झालं. सांगतो, पण थोडक्यात. आजचा विषय तो नाही. आजचा विषय आपल्या घराजवळचा आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या घरातलाही आहे.

मागच्या वेळी आपण बर्गंडीपर्यंत आलो होतो. आजच्या फ्रान्सचा आग्नेय भाग, पाचवं शतक संपत आलेलं. राजा गुंडिओक मेला आणि राज्य चार मुलांत आलं. त्यातल्या गुंडोबाद नावाच्या मुलाने एका भावाला मारलं, असं तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो. दुसरा भाऊ गोडेगिसेल शत्रूला जाऊन मिळाला आणि व्हिएन नावाच्या शहरात बसला. गुंडोबादाने वेढा घातला. शहरात धान्य कमी पडायला लागलं म्हणून गोडेगिसेलने गरीब लोकांना बाहेर काढलं. त्यांच्यात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कालव्याचं काम बघणारा कारागीर होता. तो चिडला, गुंडोबादाकडे गेला आणि त्याच पाण्याच्या वाटेने सैन्य आत नेलं. गोडेगिसेल मारला गेला. ही गोष्ट इसवी सन ५०० ची.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला या गोष्टीत तो कारागीरच दिसतो. ज्या माणसाला सिस्टिम आतून माहीत आहे त्याला काढून टाकलं, पण त्याचा ॲक्सेस बंद केला नाही. असो.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. भाऊबंदकी, किल्ला, बाहेरून जिंकता येत नाही म्हणून आतून शिरायचं. मग आठवलं, देवगिरी.

देवगिरीच्या यादवांबद्दल शाळेत आपल्याला दोनच गोष्टी सांगतात. हेमाडपंती देवळं आणि अल्लाउद्दीन. मधलं घरातलं भांडण कुणी सांगत नाही. खरी मजा तिथंच आहे.

सिंघण हा यादवांचा मोठा राजा. आमच्या अंबाजोगाईला त्याच्या काळातले शिलालेख आहेत. त्याचा सेनापती खोलेश्वर, त्याचं नाव आजही तिथल्या देवळाला आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी लढताना मेला आणि बहीण लक्ष्मीने भावाच्या आठवणीत रामनारायणाचं देऊळ बांधलं. हे १२४० च्या सुमाराचं. मी अंबाजोगाईला दोन वर्षं क्लासला होतो, रोज तिथून जायचो, पण कधी थांबून बघितलं नाही. तेव्हा डोक्यात फक्त सीईटी होती.

तर सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाआधीच गेला. म्हणून सिंघणानंतर गादी आली नातवाकडे, कृष्णाकडे. नातू हाताशी आलेला होता, त्यामुळे प्रश्न आला नाही. कृष्णाने १२६१ पर्यंत राज्य केलं. त्याचा धाकटा भाऊ महादेव त्याच्या हयातीतच युवराज म्हणून कारभारात होता. कृष्ण गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. मग गादीवर कोण बसलं? महादेव.

इथं जरा थांबतो. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी सातबारा बघितला असेल. त्यावर कधीकधी नावाआधी 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं. अज्ञान पालन कर्ता. म्हणजे जमीन पोराची, पोरगं लहान, म्हणून सांभाळणारा हा. आणि कधी असतं 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं दिसतंय, हक्क सगळ्यांचा. दोन्ही तीन-तीन अक्षरंच आहेत, पण या अक्षरांवरून आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं.

महादेव गादीवर बसला तो अ.पा.क. म्हणून की मालक म्हणून? मला वाटतं सगळा घोळ या एका प्रश्नाचा आहे. लोकांना वाटलं असेल, काका आहे, सांभाळतोय. पण त्याने दहा वर्षं राज्य केलं, आणि चांगलं केलं. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा सोमेश्वर त्याच्याशी लढताना समुद्रात बुडून मेला आणि ते राज्य यादवांकडे आलं. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, जहाजांची लढाई कोरलेली. ती याच लढाईची असावी असं काही अभ्यासक मानतात. मुंबईला असाल तर जाऊन या. काकतीयांच्या रुद्रांबेशी मात्र महादेवाचं फारसं जमलं नाही. त्याचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, लिहितो की बाई आहे म्हणून राजाने तिला सोडून दिलं. प्रत्येक कंपनीत असा एक रिपोर्ट लिहिणारा असतोच.

१२७१ मध्ये महादेव गेला आणि गादीवर बसवलं गेलं त्याच्या स्वतःच्या मुलाला, आमणाला. म्हणजे अ.पा.क. खोडलं गेलं आणि थेट वारसनोंद झाली. रामचंद्र आता लहान नव्हता.

पुढची गोष्ट महानुभाव परंपरेत आली आहे. देवगिरीचा किल्ला तुम्ही बघितला असेल. तासलेला उभा कडा, खंदक, अंधारी वाट. समोरून चढून तो घ्यायचा म्हणजे वेडेपणा. रामचंद्राने वेगळी वाट काढली. आपल्या विश्वासू माणसांना नाचणाऱ्यांच्या वेषात घेतलं आणि त्यांच्यासोबत किल्ल्यात शिरला. आमण तमाशा बघायला बसला. तमाशा हा शब्द माझा, तेव्हा काय म्हणत कोण जाणे. खेळ रंगात आल्यावर त्याच लोकांनी त्याला पकडलं. पुढे आमणाचे डोळे काढले असं परंपरा सांगते.

नुसती दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही, कारण रामचंद्राचा स्वतःचा पैठणचा ताम्रपट आहे, शके ११९३ चा. त्यात आमणाकडून राज्य जबरदस्तीने घेतल्याचं म्हटलंय. लपवलेलं नाही. उलट पराक्रम म्हणून कोरलंय.

आणि हेमाद्री? तो महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे सचिवालयाचा प्रमुख. रामचंद्र आल्यावरही तो त्याच पदावर राहिला. राजा बदलला तरी कारकुनी चालू. मला यात आश्चर्य वाटत नाही, फक्त आमणाचं वाईट वाटतं. बापाचा सगळ्यात जवळचा माणूस दुसऱ्या दिवशी नव्या राजासाठी पत्रं लिहीत असणार.

काही लोक म्हणतात, या भाऊबंदकीमुळे देवगिरी पडली. मला हे पटत नाही. मधे पंचवीस वर्षं आहेत. त्या पंचवीस वर्षांत ज्ञानेश्वरी लिहिली गेली, १२९० ला, आणि तिच्या शेवटी या रामचंद्राचं नाव आदराने आलंय. म्हणजे ज्याने चुलतभावाला आंधळं केलं असं म्हणतात, तोच हा राजा. दोन्ही एकाच माणसाबद्दल. मला ही गोष्ट पचायला वेळ लागला.

१२९६ ला अल्लाउद्दीन आला तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. फिरिश्ता एक गोष्ट सांगतो, की किल्ल्यात घाईने भरलेली पोती धान्याची समजली होती आणि निघाली मिठाची. रामचंद्राने तह केला. तेवढ्यात शंकरदेव परतला आणि बापाचा तह न मानता लढला, आणि हरला. तहाची रक्कम वाढली. आता गंमत बघा. अल्लाउद्दीन स्वतः कोण? दिल्लीच्या जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. काकाला न सांगता आला होता. देवगिरीचं सोनं घेऊन परत गेला आणि त्याच वर्षी काकाचा खून करून सुलतान झाला. म्हणजे एका पुतण्याने मिळवलेल्या राज्याच्या पैशावर दुसरा पुतण्या गादीवर बसला.

पुढचं पटकन सांगतो. मलिक काफूर आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं, मान देऊन रायरायान पदवीसह परत पाठवलं. इसामी नावाचा कवी लिहितो की मुलाने आणि त्याच्या माणसांनी आपल्याला कोंडीत धरलंय असा निरोप रामचंद्रानेच दिल्लीला पाठवला होता. तो गेल्यावर शंकरदेव मारला गेला, मग जावई हरपाळदेव. १३१८ ला संपलं.

आता माझ्या तालुक्याचं. माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. २०२३ च्या अधिक महिन्यात मी आईला घेऊन गेलो होतो. या गावात रामचंद्राचा १३१० चा ताम्रपट सापडला. त्याने पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला गावं दिली, त्याने अग्रहार केला, त्याचं हे गाव. ताम्रपटात राजाने वाराणसीपर्यंत विजय मिळवल्याचं वर्णन आहे. साल बघा, १३१०. दोन-तीन वर्षांपूर्वीच हा माणूस दिल्लीला नेला गेला होता. रांगेत उभं राहून मी आईला हे सांगत होतो. आई म्हणाली, "कागदावर काय, कुणीबी काहीबी लिहितं."

ती कुठल्या कागदाबद्दल बोलत होती ते मला कळलं होतं.

आमची साडेसहा एकर जमीन आहे. आजोबांच्या नावावर होती. माझे वडील आजोबांच्या आधी गेले. आजोबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. सातबाऱ्यावर काकांचं नाव लागलं, ए.कु.मॅ. म्हणून. काकांनी माझ्या बीटेकच्या चारही वर्षांची फी भरली, एकदा सोयाबीन पडत्या भावात विकून. हे मी विसरलेलो नाही. मागच्या वर्षी काका गेले. आता तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली आहे. वारस म्हणून दादाचं, काकूचं आणि ताईचं नाव आहे. आमचं नाही. हरकत घ्यायला पंधरा दिवस. त्यातले नऊ गेले.

बीड जिल्ह्यात हे नवीन नाही. २०१९ च्या विधानसभेला बीडमध्ये काका-पुतण्या समोरासमोर होते आणि परळीत चुलत भाऊ-बहीण. आपण पारावर बसून त्याची चर्चा करतो, मजा घेतो.

मी ही देवगिरीची गोष्ट आधी तीनदा लिहिली. तिन्ही वेळा रामचंद्राच्या बाजूने. बाप गेलेला, काकाने ठेवून घेतलं, पोराने परत मिळवलं. चौथ्यांदा लिहिताना दादा आठवला. पंधरा वर्षं तो त्या जमिनीवर राबतोय. बोअर त्याने घेतला, कर्ज त्याच्या नावावर. मी दिवाळीला जातो आणि बांधावर फोटो काढतो. दादाने मुद्दाम आमचं नाव गाळलं, की कुणीतरी भरून दिलेल्या अर्जावर नुसती सही केली, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायला फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. आई म्हणते हरकत घेऊ नको, दार बंद होईल. वकील मित्र म्हणतो घेच, नंतर प्रांताकडं अपील करत बसशील.

हक्क सोडायचा नाही, हे माझं ठरलंय. पण तो नोटिशीच्या उत्तराने मागायचा की ओसरीवर बसून, हे ठरलेलं नाही. शुक्रवारी रात्रीची पुणे-माजलगाव गाडी धरतोय. काकूला न सांगता जाणार नाही. आधी फोन करून, आलोय म्हणून सांगून, दिवसाउजेडी जाणार.

पुढच्या भागात अंबाजोगाईचे शिलालेख घेऊ, नीट, फोटोंसह. या वेळी थांबून बघून येतो.