पायाच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)

मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. पण टाचेचे, घोट्याचे ऑपरेशन ठरले की घरची मंडळी खर्च विचारतात, दुखणे कसे थांबवणार हे विचारत नाहीत. म्हणून हा विषय घेतला.

पावलाकडे पाच नसा येतात. चार सायटिक नसेच्या फांद्या. पाचवी, सॅफेनस, मांडीतल्या नसेची. त्यामुळे गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन सायटिक बधिर केली तरी घोट्याची आतली बाजू जागीच राहते. तिथे वेगळे इंजेक्शन लागते. लहान ऑपरेशनला घोट्याभोवतीच पाचही नसा बधिर करतात. आता सोनोग्राफीत नस आणि सुई दोन्ही दिसतात, हे मोठेच काम झाले आहे.

एकदाच दिलेले इंजेक्शन, बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनचे, साधारण १२ ते २४ तास टिकते. म्हणजे सकाळी ऑपरेशन झाले तर असर उतरणार रात्री किंवा पहाटे! तेव्हा कळ एकदम उसळते. वेदनेच्या गोळ्या पाय जागा होण्याआधीच सुरू हव्यात. त्या कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

दुसरी पद्धत म्हणजे नसेजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थोडे थोडे औषध सोडणे. बॅटरीच्या पंपात वेग बदलता येतो, अडथळा आला की गजर होतो. मला मात्र फुग्याचा पंप आवडला. ताणलेला फुगा आकसतो, औषध पुढे ढकलतो आणि केसासारखी बारीक वाट वेग ठरवते. आपल्या एअर ब्रेकमधला चोक दुसरे काय करतो? मात्र औषध तापले की पातळ होऊन जास्त वेगाने जाते. म्हणून पंपाजवळ गरम पाण्याची पिशवी नको. आणखी एक गोष्ट: नळी जागेवरून सरकली तरी फुगा रिकामा होतच राहतो. फुगा लहान झाला म्हणजे औषध नसेला पोचले, असे समजू नये.

बधिर पायावर भार देऊ नका. आधाराशिवाय उठलात तर पडाल. प्लास्टर टाचेला रुतले तरी कळत नाही, मधुमेह असेल तर जास्तच जपा. ओठांना मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव असे काही वाटले तर लगेच सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याची ती लक्षणे असू शकतात.

आणि इथे म्हैसुरात रात्री नर्सबाई 'नोवु इदेया?' म्हणून विचारतील. दुखत असेल तर संकोचाने 'इल्ला' म्हणू नका.